जडही वाटते, हलकीही वाटते

ताई दुकानात शिरली की ‘कसा आहेस, काय चाललंय’ वगैरे भानगड नसे. खांद्यावरची पिशवी ती थेट टेबलावर टाकायची, चेन ओढून रॅकेट बाहेर काढायची आणि म्हणायची, “अजून नाही रे जमलं.”

हे ‘अजून नाही रे जमलं’ ऐकून ऐकून गटिंगवाल्याचे कान किटले होते.

गटिंगवाला म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्याला नावाने हाक मारणारं माणूस आता घरातसुद्धा उरलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणायची, ताई ‘अरे’ म्हणायची आणि टेनिस क्लबातल्या बाकी सगळ्यांसाठी तो गटिंगवाला. क्लबाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली त्याचं दुकान होतं. एका माणसाला सरळ आणि दोघांना तिरकं उभं राहता येईल एवढंच. भिंतीवर तारांची रिळं, मधोमध रॅकेटीत तारा ताणून बसवायचं, म्हणजे गटिंगचं, यंत्र, आणि टेबलाखाली आजवर लोकांनी रागाच्या भरात आपटून मोडलेल्या रॅकेटींचा ढीग. ते भंगार कधीतरी उपयोगी पडेल असं तो म्हणायचा. कधीच पडलं नव्हतं.

टेनिस खरं तर ताईचं. पोरवयात ती असे काही फटके मारायची की समोरची मुलं चेंडूच्या वाटेतून बाजूला व्हायची. तार तुटली की रॅकेट घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला पळायचं काम धाकट्या भावाचं. पळून पळून कंटाळला आणि एक दिवस ‘मीच शिकतो, आण इकडे’ म्हणून बसला, तो जन्मभर त्या यंत्रापुढे बसूनच राहिला. स्वतः त्याला खेळ कधी जमला नाही. चेंडू पूर्वेला आला की तो पश्चिमेला असायचा. पण रॅकेट हातात घेतली की तिचं काय दुखतंय ते त्याला कळायचं.

“माझ्यामुळे पोटापाण्याला लागलास,” असं ताई त्याला अधूनमधून ऐकवायची. यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

तर ही ताई साठी उलटल्यावर खुर्चीवर चढून पंख्याची पाती पुसायला गेली आणि पडली. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली, स्क्रू बसले. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू हात वर जाईल, घाई करू नका. ताईने दिवाणखान्याच्या दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधला आणि सकाळ-संध्याकाळ तो ओढायला लागली. भावोजी बिचारे महिनोन्‌महिने स्वयंपाकघराच्या दाराने घरात ये-जा करत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, “डबल्स खेळा, जपून.” त्यातलं ‘जपून’ ताईने तिथेच दवाखान्यात सोडलं आणि ‘खेळा’ तेवढं घेऊन घरी आली.

आणि मग सुरू झालं ते रॅकेटचं लफडं.

“जड वाटते,” पहिल्या दिवशी ताई म्हणाली.

“तीच रॅकेट आहे, ताई.”

“तीच असेल. पण जड वाटते.”

गटिंगवाल्याला यात नवल वाटलं नाही. रॅकेटला दोन वजनं असतात, हे तो येईल त्याला समजावून सांगायचा. एक काट्यावरचं. दुसरं फिरवतानाचं, त्याला तो फिरतं वजन म्हणायचा. समजत नसेल तर तो समोरच्याच्या हातात हातोडी द्यायचा. दांड्याला धरून फिरवा. आता उलटी करा, लोखंडाला धरून दांडा फिरवा. हातोडी तीच, काट्यावर वजन तेच, पण एकदा मनगट ओढून नेते आणि एकदा पिसासारखी फिरते. कारण वजन किती आहे यापेक्षा ते मुठीपासून किती लांब आहे याला महत्त्व. रॅकेटच्या डोक्यावर, अगदी टोकाला, नखाएवढी शिशाची पट्टी चिकटवा, फिरवणाऱ्याला लगेच कळतं. तीच पट्टी मुठीत दडवा, त्याला पत्ताही लागत नाही.

ताईच्या रॅकेटच्या टोकाला अशी पट्टी वर्षानुवर्षं होती. त्यानेच लावलेली. त्याने ती अर्धी काढली.

दुसऱ्या दिवशी ताई हजर. “आता हलकी वाटते. बॉल लागला की हातात वळते. पाहुण्यासारखी वागते.”

त्याने काढलेल्यातली अर्धी परत लावली.

“जड वाटते.”

त्याने लावलेल्यातली जराशी काढली.

“आता ना, जडही वाटते आणि हलकीही वाटते.”

“ताई, दोन्ही कसं वाटेल? एक काहीतरी सांग.”

“मला काय विचारतोस? तुझा धंदा आहे. मला वाटलं ते मी सांगते.”

असं आठवड्यामागून आठवडे चाललं. पट्टी लावायची, काढायची, चिकटपणाचे डाग पुसायचे, परत लावायची. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबायची. ताई कुणाची पर्वा न करता दारातच रॅकेट फिरवून दाखवायची आणि गिऱ्हाइकं डोकी वाचवत बाहेर व्हायची. रात्री जेवताना तो बायकोपुढे कुरकुर करायचा. बायको शांतपणे म्हणायची, “तुम्ही दोघं एकाच साच्यातली. लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही, हाच काय तो घोटाळा.”

शेवटी त्याने ब्रह्मास्त्र काढलं. फिरतं वजन मोजायचं एक यंत्र त्याने मोठ्या हौसेने घेतलं होतं. त्यात रॅकेट आडवी ठेवायची, हलकेच झोका द्यायचा, ती इकडून तिकडे डुलते आणि यंत्र आकडा दाखवतं. ताईच्या रॅकेटचा पडण्याआधीचा आकडा त्याला तोंडपाठ होता, तीनशे अठ्ठावीस. त्याने चिमटीने शिशाचे कण लावत, खरवडत, परत लावत ती रॅकेट बरोबर तीनशे अठ्ठावीसवर आणली आणि ताईला मुद्दाम बोलावून घेतलं.

“बघ. पूर्वी होती तशी. एका आकड्याचाही फरक नाही. आता बोल.”

ताईने आकडा पाहिला. रॅकेट उचलली, एकदा फिरवली, खाली ठेवली.

“नाही रे. ही ती नाही.”

“अगं, यंत्र सांगतंय!”

“तुझ्या यंत्राला खांदा आहे का?”

 त्याच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. आणि त्या तिरमिरीतच त्याने ठरवलं की आता हिची गंमत करायची. “ठेवून जा,” तो म्हणाला, “बघतो काय करता येतं.” रॅकेट कपाटात टाकली, कपाट लावलं आणि दोन दिवस तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी फडक्याने पुसून ताईच्या हातात दिली.

त्याच सकाळी, खेळ संपवून, ताई दुकानात आली ती हसत. बऱ्याच महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

“जमलं रे! आज छान चालली. काय केलंस काय?”

दुकानात तेव्हा क्लबातला दातांचा डॉक्टर रॅकेटच्या मुठीला नवी ग्रिप घालून घ्यायला उभा होता. गटिंगवाल्याने हातातली ग्रिप सोडली. इतक्या महिन्यांचा साठलेला वैताग असा काही वर आला की त्याला स्वतःचा आवाज आवरता आला नाही.

“काही केलं नाही! ऐकतेस का? काही म्हणजे काही केलं नाही. दोन दिवस तुझी रॅकेट या कपाटात लोळत पडली होती. हात लावला नाही मी तिला. रॅकेट ठणठणीत आहे, ताई. पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे. बिघडलाय तो तुझा खांदा. आणि त्याला शिसं लावून मिळत नाही!”

दातांचा डॉक्टर भिंतीवरची तारांची रिळं वाचायला लागला.

ताई भांडली असती तर बरं झालं असतं. लहानपणापासून ती दोघं भांडतच आली होती, त्यात नवीन काही नव्हतं. पण ती भांडली नाही. तिने रॅकेट पिशवीत घातली, चेन लावली आणि म्हणाली, “बरं.”

एवढंच. आणि गेली.

त्यानंतर ताई दुकानात आली नाही. कोर्टवरही दिसली नाही. पहिले काही दिवस गटिंगवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकून पाहिला, पण तो नीट जमेना. काम भराभर उरकायला लागलं आणि उरकल्यावर काय करायचं ते कळेना. दाराशी कुणाची सावली पडली की तो ‘काय झालं आता’ असं म्हणायला तोंड उघडायचा आणि भलताच कुणीतरी असायचा. मग त्याचाही राग यायचा. चूक त्याची नव्हती, असं तो स्वतःला सांगायचा. बोलला ते खरंच होतं. 

एका सकाळी भावोजींचा फोन आला. भावोजी मुळात मितभाषी माणूस. फोनवर ‘हो’, ‘नाही’ आणि ‘देतो तिला’ याच्या पलीकडे सहसा जात नसत.

“अरे, तू हिला काय बोललास?” त्यांनी विचारलं.

“का? काय झालं?”

“काय झालं? ती घरी असते! सकाळपासून. माझी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. काल मला चमचे कुठल्या तोंडाने ठेवायचे ते शिकवलं. चाळीस वर्षं मी चमचे ठेवतोय. खेळायला जा म्हटलं तर म्हणते, आता वय झालं. अरे, मला हे झेपणार नाही. तू ये आणि काय तो निकाल लाव.”

गटिंगवाला चरफडतच गेला. मीच का जायचं, असं वाटेत सगळ्या सिग्नलना म्हणत गेला. ताईने दार उघडलं, “ये” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. दिवाणखाना लखलखत होता. दाराच्या कडीचा रबरी पट्टा मात्र गायब होता. रॅकेटची पिशवी कपाटाच्या डोक्यावर, बॅगांच्या मागे, अशी सरकवून ठेवलेली की शोधणाऱ्यालाच दिसावी.

चहा आला. तिघांनी प्याला.  शेवटी गटिंगवाल्याने घसा खाकरला.

“त्या दिवशी मी जे बोललो ना...”

“ते खरंच होतं,” ताई म्हणाली. “खांदा बिघडलाच आहे. ते मला काय माहीत नाही? रोज सकाळी केस विंचरताना कळतं. पण ते त्या दातवाल्यासमोर बोलायची काय गरज होती? परवा बाजारात भेटला तर माझ्यासाठी दुकानाचं दार उघडून धरलं त्याने. माझ्यासाठी! त्याला मी सरळ दोन सेटमध्ये हरवलंय.”

भावोजी पेपरात आणखी खोल शिरले.

गटिंगवाल्याला हसूही येईना आणि रडूही. तो उठला, स्टुलावर चढून पिशवी काढली, रॅकेट तिच्यापुढे धरली.

“फिरव.”

“कशाला? रॅकेट ठणठणीत आहे ना?”

“फिरव म्हणतो ना.”

“इथे? घरात?”

“इथेच.”

भावोजी पेपर टाकून उठले आणि टीव्हीसमोर हात पसरून उभे राहिले. ताईने दोघांकडे एकेकदा रागाने पाहिलं, पदर खोचला आणि सोफा व जेवणाचं टेबल यांच्या मधल्या जागेत उभी राहिली. रॅकेट मागे नेली आणि फिरवली. दिव्याची शेड थोडक्यात वाचली.

“परत.”

तिने परत फिरवली. आणि पुन्हा. गटिंगवाला बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, ज्याने त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. इतके महिने त्याने रॅकेट पाहिली होती, काटा पाहिला होता, यंत्राचा आकडा पाहिला होता. ताईला फिरवताना त्याने नीट पाहिलंच नव्हतं. पूर्वी तिचा हात मागून वर उचलला जायचा, मोठा गोल घेऊन खाली यायचा आणि रॅकेट स्वतःच्या वजनाने पुढे धावायची. तो गोल आता नव्हता. हात खांद्याच्या खालीच अडत होता. ती रॅकेट कमरेपाशी मागे नेत होती आणि तिथून, आयत्या वेळी, सगळा जोर मनगटाने लावून पुढे ढकलत होती. तीनशे अठ्ठावीस हा त्या जुन्या मोठ्या गोलाचा आकडा होता.

“जड कुठे वाटते?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे कुठल्या जागी? मागे नेताना, पुढे आणताना, कुठे?”

ताईने डोळे मिटून हळूच हात मागे नेला. “इथे. मागून निघताना. निघतच नाही, मग उशीर होतो.”

“आणि हलकी?”

“पुढे. बॉल लागतो तेव्हा. बॉल जरा कडेला लागला की रॅकेट वळते.”

“मग हे असं आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं नाही?” ताईचा आवाज चढला आणि भावोजींनी समाधानाने डोळे मिटले. “सांगितलं नाही म्हणतो! जड वाटते म्हणाले. हलकी वाटते म्हणाले. जडही वाटते, हलकीही वाटते म्हणाले! आणखी कसं सांगायचं? तू मला वेडी ठरवलंस!”

“पण मग कपाटात ठेवलेली ती चांगली कशी चालली?”

“दोन दिवस रॅकेट तुझ्याकडे होती, तर मी खेळणार कशाने? लाटण्याने? खांद्याला दोन दिवस विसावा मिळाला, तेवढं चाललं. एवढं सुद्धा कळत नाही?”

 कळायला हवं होतं, हे त्याला कळत होतं.

त्याच दुपारी त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं आणि रॅकेटच्या टोकावरची सगळी पट्टी खरवडून काढली. वर्षानुवर्षांची, कडक झालेली पट्टी नखाखाली घुसली आणि त्याने जीभ चावून एक शिवी गिळली. मग दोन छोट्या पट्ट्या कापल्या आणि डोक्याच्या दोन्ही कुशींना, समोरासमोर लावल्या. तिथे लावलं की चेंडू कडेला लागला तरी रॅकेट वळत नाही, आणि टोकापेक्षा ती जागा मुठीला जवळ म्हणून मागून ओढताना त्रासही कमी. मग मुठीचं बूच काढलं, आत वजन भरलं, म्हणजे हातात धरल्यावर ती खेळण्यासारखी वाटायची नाही. यंत्रावर ठेवून झोका दिला. आकडा आला तो पाहून त्याने यंत्रावर फडकं टाकलं. शाळेतल्या मुलींच्या रॅकेटी त्या आकड्याच्या असतात.

पण एवढ्याने ताईचं समाधान व्हायचं नव्हतंच. पुढचा आठवडाभर तो सकाळी कोर्टच्या जाळीला टेकून उभा आणि ताई आत. दर चार फटक्यांनी ती जाळीपाशी यायची. “बोटभर खाली घे.” तो तिथेच पट्टी सोलून बोटभर खाली घ्यायचा. “एवढी नाही रे! अर्धं बोट म्हणाले मी.” “बोटभर म्हणालीस.” “माझं बोट की तुझं बोट?” ताईची जोडीदारीण, निवृत्त मुख्याध्यापिका, एरवी कुणालाही शिस्त लावणारी बाई, ती नेटजवळ कंबरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत उभी असायची. एकदा तिने विचारलं, “तुमच्या घरात सगळं असंच ठरतं का?” दोघं एकदम “नाही!” म्हणाली आणि परत भांडायला लागली.

पण एका सकाळी ताई जाळीपाशी आलीच नाही. खेळत राहिली. समोरून आलेला एक जोराचा चेंडू तिने नेटपाशी नुसती रॅकेट धरून अडवला, आणि रॅकेट वळली नाही. चेंडू समोरच्या दोघींच्या मधून टप्पा घेऊन गेला. ताईने रॅकेटकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं नाही. गटिंगवाला पट्टीचं रीळ खिशात घालून दुकानात गेला.

महिन्याअखेर क्लबातल्या साठीपुढच्यांच्या स्पर्धेत ताई आणि मुख्याध्यापिका पहिली मॅच जिंकल्या आणि दुसरी हरल्या. ताईची सर्व्हिस आता पूर्वीसारखी उरली नव्हती. ती खालून, कमरेजवळून, हळूच सोडायची, आणि समोरच्या बायका पुढे येऊन ती ठोकायच्या. तरी ती शेवटच्या चेंडूपर्यंत धावली. हरल्यावर हात मिळवले, आणि जिंकलेल्या बाईला तिच्या पायांच्या कामाविषयी न मागता सल्ला दिला.

भावोजी बाहेरगावी गेले होते, म्हणून गटिंगवाला तिला स्कूटरवरून घरी सोडायला निघाला. ती मागे बसली, मांडीवर पिशवी आडवी घेऊन. कोपऱ्यावर वळताना पिशवी एका सायकलवाल्याला घासली. तो काही तरी बोलला. त्याला ताई जास्त बोलली.

“तिला डोक्यावरून उंच लॉब टाकू नको सांगितलं होतं मी,” ताई सुरू झाली. “मुख्याध्यापिका आहे म्हणून कुणाचं ऐकायचंच नाही का? सतत लॉब. समोरची ताडमाड उंच आणि ही लॉब टाकते.”

“हं.”

“रॅकेट मात्र आज चांगली चालली.”

गटिंगवाल्याने आरशात पाहिलं. मागे तिचं अर्धंच तोंड दिसत होतं, त्यावरून काही कळेना. “चालली ना? मग झालं तर.”

“आकडा किती आलाय?”

“कसला आकडा?”

“वेड पांघरू नकोस. यंत्रावरचा. पूर्वीचा तीनशे अठ्ठावीस होता. आता किती?”

“मोजला नाही.”

“तू आणि मोजला नाहीस? मला सांगतोस?”

“ताई, रस्त्यात खड्डे आहेत, नीट धर.”

 सिग्नल लागला. शेजारी एक ट्रक घुरघुरत उभा होता, त्याच्या आवाजाच्या वरताण ती ओरडली, “म्हणजे कमी आहे!”

त्याने समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहणं पसंत केलं.

“किती कमी आहे? तीनशे वीस?”

“सिग्नल सुटला.”

“तीनशे दहा?”

“ताई, गाडी चालवू देशील का मला?”

“तीनशेच्या तरी वर आहे का रे?”

त्याने गिअर टाकला. पाठीवर, नेमका मानेखाली, तिने एक गुद्दा घातला. डाव्या हाताने. लागला चांगलाच.  घराच्या फाटकाशी तो थांबला, ती उतरली, पदर सावरला, पिशवी खांद्यावर चढवली. उजव्या नव्हे, डाव्या.

“सांगू नकोस मग,” ती म्हणाली. “पण ग्रिप बदलून ठेव उद्या. घाम शोषत नाही. आणि गेल्या वेळी लावलीस तशी सैल नको.”

“सैल नव्हती.”

“सैल होती.”

“ताई, मी चाळीस वर्षं ग्रिपा लावतोय...”

पण ती फाटक लोटून आत गेली होती. त्याने स्कूटरला किक मारली. लागली नाही. परत मारली. मग खाली उतरून, स्वतःशीच बडबडत, तो ती वळवायला लागला.